'हँडब्रेक ठीक' या शेऱ्याची प्रत्यक्ष खातरजमा करून देणेबाबत

प्रति,
मा. कार्यशाळा प्रमुख,
रस्ते दुरुस्ती विभाग,
वाहन कार्यशाळा (उताराच्या टोकाची केबिन).

अर्जदार : खडीची गाडी क्रमांक सातचा चालक, सेवा एकोणीस वर्षे.

विषय : गाडी क्रमांक सातची झिजलेली हँडब्रेक केबल बदलणेबाबत, व तोपर्यंत आपला शेरा खरा मानून वागणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याच विषयावरील सहा अर्ज.
२) त्या सहाही अर्जांवरील आपला शेरा : 'तपासले, ठीक.'
३) मदतनीसाविरुद्धची चौकशी, परवा सोमवारी सकाळी अकरा वाजता.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवितो की, गाडी क्रमांक सात ही अर्जदाराच्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे. मुलीचे लग्न होऊन ती नांदायला गेली, गाडीची केबल मात्र अद्याप पहिलीच होती. सायलेन्सरला घासून केबलचे आवरण वितळले, आतल्या तारा एकेक करून तुटल्या, आणि ताण देण्याचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळून झाला. पूर्वी हँडब्रेकचा दांडा पाच दातांवर धरत असे, अकरा वर्षांपूर्वी तो ढिला पडू लागला. गेले वर्षभर तो छातीपर्यंत ओढावा लागे आणि तरीही गाडी सरकत असे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ केव्हाच गेला, सुंभ तेवढा आपल्या रजिस्टरात शाबूत आहे.

२. नवी केबल भांडारात आठ महिन्यांपासून खिळ्याला टांगलेली आहे. अर्जदाराने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. भांडारपाल म्हणतात, "जुनी जमा करा, मग नवी घ्या." आपले मिस्त्री म्हणतात, "नवी हातात आल्याशिवाय जुनी काढणार नाही, गाडी खोळंबेल." अर्जदाराने या दोन खिडक्यांमध्ये इतक्या चकरा मारल्या आहेत की तेवढ्यात केबल पायी जाऊन कारखान्यातून आणता आली असती. आता जुनी केबल तुटल्यावर भांडारपालांचे म्हणणे असे की, अर्धीच केबल जमा होत आहे, उरलेली अर्धी रस्त्यावर शोधून आणावी.

३. केबल धरत नसल्यामुळे चाकाखाली लाकडी ठोकळा लावण्याची पद्धत पडली. हे काम गाडीचे मदतनीस करीत. ते अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे अर्जदाराचे दाजी. निवृत्तीला सात महिने राहिलेला, कुणाला उलटून न बोलणारा माणूस. दोघांत ठरलेले असे : दाजींनी ठोकळा लावायचा, हात बाहेर काढायचा आणि मागच्या फाळक्यावर दोन ठोके द्यायचे. ते दोन ठोके ऐकल्याशिवाय अर्जदाराने ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. अकरा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

४. तो चुकला, आणि अर्जदाराकडूनच चुकला, हे अर्जदार लपवू इच्छित नाही. त्या सकाळी गाडी दोन दिवस कार्यशाळेत राहून परत आली होती. रजिस्टरात आपल्या हिरव्या शाईत लिहिले होते, 'हँडब्रेक तपासला, ठीक.' अर्जदार मूर्खासारखा आनंदला. त्याला वाटले, केबल बदलली. चढावर गाडी थांबवून त्याने दांडा ओढला, दांडा कसाबसा धरल्यासारखा वाटला, आणि ठोक्यांची वाट न पाहता त्याने पाय उचलला. खालून तार तुटल्याचा आवाज आला. मग दाजींचा आला. उजव्या हाताची तीन बोटे आता परत वळणार नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. अकरा वर्षे ज्या पायावर दाजींनी भरवसा ठेवला, त्या पायाने त्या दिवशी आपल्या शेऱ्यावर भरवसा ठेवला, याची लाज अर्जदार जन्मभर बाळगील. आपण आपला वाटा उचलावा, एवढेच म्हणणे आहे.

५. परंतु आपण अहवाल लिहिलात की, 'वाहन सुस्थितीत होते. मदतनीसाने ठोकळा लावण्यात हयगय केली. सेवेतून कमी करण्याची शिफारस.' चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सोमवारच्या चौकशीचे अधिकारी पुन्हा आपणच. वाहन सुस्थितीत होते तर ठोकळा हवाच कशाला होता, हा प्रश्न आपणांस पडू नये याचे अर्जदारास नवल वाटते. अधिक चौकशी करता असे दिसून आले की, अपघात मंगळवारी झाला, केबल मंगळवारी तुटली, आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार व शनिवार या चारही दिवशी 'हँडब्रेक तपासला, ठीक' असा शेरा आपल्या सहीनिशी आहे. सोमवारी चहा निवेपर्यंत आपण सबंध आठवड्याच्या सह्या उरकून घेता, हे कार्यशाळेत सर्वांना ठाऊक आहे. नसलेली केबल चार दिवस ठीक ठेवणे सर्वांना जमत नाही.

६. अर्जदाराची बहीण त्याला म्हणाली, "तुझ्या गाडीपायी माझ्या माणसाचा हात गेला, आणि वर तुझ्या साहेबानं त्यांनाच कामचुकार ठरवलं. हे निस्तरेपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." अर्जदाराला आई नाही, त्या बहिणीनेच त्याला वाढविले. त्यामुळे यापुढील मजकूर सविनय असला तरी रागाने लिहिलेला आहे, याची नोंद घ्यावी.

७. हातच्या काकणाला आरसा कशाला? आपण कृपया खिडकीचा पडदा बाजूला करावा. समोरच्या चढावर, तोंड आपल्या केबिनकडे करून, गाडी क्रमांक सात उभी आहे. गाडीत काठोकाठ खडी आहे. इंजिन बंद आहे. गिअर मोकळा आहे, कारण आपल्या शेऱ्यात गिअरचा उल्लेख नाही. हँडब्रेकचा दांडा पूर्ण ओढलेला आहे. आज शनिवार, आणि आजच्या तारखेसही आपण तो ठीक असल्याचे लिहून दिलेले आहे. चाकाखाली ठोकळा नाही. अर्जदार स्टिअरिंगवर कागद ठेवून हा अर्ज लिहीत असून त्याचा उजवा पाय ब्रेकवर आहे. लिपिक बाई व शिपाई यांना चहाला पाठविले आहे, कारण त्यांनी कशावरही सही केलेली नाही.

८. अर्जदाराची पाळी पाच वाजता संपते. त्यानंतर विभागाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसण्याचा त्यास अधिकार नाही.

९. आपला शेरा खरा असेल तर आपणांस कसलीही भीती नाही. खुर्चीत बसून राहावे, पाच वाजता अर्जदार पाय उचलील, गाडी जागची हलणार नाही, आणि अर्जदार आपल्या पायावर डोके ठेवून माफी मागेल. मात्र पाचच्या आत आपण केबिनबाहेर पाऊल टाकल्यास, 'हँडब्रेक ठीक नाही' हे आपलेच म्हणणे असल्याचे समजण्यात येईल. त्यासाठी दाराशी गाडी क्रमांक तीन व नऊचे चालक रजिस्टर उघडून साक्षीदार म्हणून उभे आहेत. पेन त्यांच्याकडे आहे, शाई हिरवीच आहे. आपण तेथे सही केली की दाजींवरील चौकशी आपोआप निकाली निघते, आणि सोबत भांडारपालांना नवी केबल सोडण्याबद्दल एक ओळ लिहावी. जुनीचा उरलेला तुकडा अर्जदार जन्मभर शोधत राहील, असे हमीपत्र द्यायला तो तयार आहे.

१०. हा अर्ज घेऊन आपल्या टेबलासमोर उभे असलेले गृहस्थ म्हणजेच दाजी. मंगळवारपासून आपण त्यांच्या हाताकडे एकदाही पाहिलेले नाही, ते आता पाहावे. पोच त्यांच्या डाव्या हातात द्यावी. ती दिलीत की ते बाहेर येऊन गाडीच्या मागे जातील. अर्जदार यावेळी नेम मोडणार नाही. फाळक्यावर दोन ठोके ऐकल्याशिवाय तो पाय उचलणार नाही. ठोके द्यायचे की नाही, हे दाजींवर सोपविले आहे. आपण त्यांना काय म्हणता, यावर ते ठरवतील.

आपल्याच शेऱ्याच्या भरवशावर चढावर उभा असलेला,
आपला नम्र,
चालक, गाडी क्रमांक सात
(सही)
दिनांक : आजचा, शनिवार. वेळ : चार वाजून चाळीस मिनिटे.

सहपत्रे :
१) तुटलेली केबल, अर्धी.
२) रजिस्टरातील बुधवार ते शनिवारच्या पानांच्या नकला.
३) दाजींच्या हाताच्या एक्स-रेची प्रत.
४) लाकडी ठोकळा, मूळ, एक नग.