गुळवेल आणि नागपूरची डॉक्टरीणबाई

९ जानेवारी
नागपुरात इम्युनोथेरपीचा पहिला डोस. पोटातला कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, म्हणून केमोसोबत हेही. डॉक्टरीणबाई परवाचं पोर. म्हणे, हे औषध शरीरातल्याच शिपायांना कॅन्सर ओळखायला लावतं. म्हणजे इम्युनिटीच ना? त्यासाठी बालाघाटहून नागपूर! वनखात्याच्या डेपोत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ही शिकवणार. देशी औषध घेऊ नका, असंही बजावलं. मान हलवली. मान हलवायला काय जातं?

११ जानेवारी, सकाळी ६
संकल्प : रोज गुळवेलीचा काढा. बैहरहून हिरालाल पाठवेल. आमच्या डेपोत गार्ड होता, नववी नापास, पण वेल ओळखतो. गोदाबाई म्हणाली, आधी डॉक्टरीणबाईला विचारा. बायकोला सही येत नाही, सल्ला येतो. काढा मीच उकळणार. ही कमी घालेल.

३० जानेवारी
दुसरा डोस. शेजारच्या खाटांवर सगळे रडतोंडे. घरी काही घेता का, असं डॉक्टरीणबाईनं विचारलं. नाही म्हटलं. काढा म्हणजे औषध थोडंच!

१२ मार्च
स्कॅन. लिव्हरमधल्या गाठी निम्म्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणते, औषध लागू पडलं. मुलगा अश्विन रामपायलीच्या देवळात नारळ फोडून आला. इंजिनीअर म्हणे! श्रेय सगळ्यांना, मला सोडून. उद्यापासून काढा दोन वेळा.

२७ मार्च
डोळे पिवळे दिसतात, असं गोदाबाईचं म्हणणं. ट्यूबलाइट बदलली.

३० मार्च
लघवी गडद. विष बाहेर पडतंय. काढा तीन वेळा.

२ एप्रिल
रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे दसपट. डोस रद्द, भरती. डॉक्टरीणबाईनं समजावलं : इंजेक्शनामुळे लिव्हर सुजलं असेल, तर इंजेक्शन बहुतेक कायमचं बंद. दुसऱ्या कशामुळे असेल, तर बरं झाल्यावर पुन्हा देता येईल. खरं सांगा, घरी काही घेतलं?

मी कोणत्या तोंडानं सांगणार?

गोदाबाई म्हणाली, "मीच गुळवेल टाकत होती यायच्या चहात. यायले मालूमच नाही."

डॉक्टरीणबाई सगळ्या वॉर्डासमोर तिला बोलली. अडाणीपणानं नवऱ्याला मारायला निघालात, म्हणाली. गोदाबाईनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळली. काका, आता तरी यांच्यावर लक्ष ठेवा.

मी हो म्हटलं. लाज वाटली, तरी हो म्हटलं.