रोशनीचा गृहपाठ

धानोरा,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. वत्सलाताई हिस,
योगेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी देवपूजा आटोपून मी ओट्यावर बसलो आणि रोशनीचा गृहपाठ डाव्या हाताने लिहिला. उजव्याने लिहिला असता तर बापाचे अक्षर ओळखू आले असते. बाईंनी त्यावर ‘छान सुधारणा’ असा शेरा दिला. तू हसशील, मला हसू येत नाही.

पोर तिसरीत आहे. कविता पाठ, हिशोब तोंडी. पण पेन्सिल धरली की बोटे पांढरी पडतात आणि दोन ओळींत हात दुखून येतो. बटणे मी लावतो, डबा मैत्रीण उघडून देते. मुली हसतात. आता रोज सकाळी पोट दुखते म्हणून निजून राहते. मन्हा हात येडा शे, म्हणते. हातच वेडा तर शाळा कशाला, सोडायचीच म्हणते. फोनवर बोललो तर ती ऐकते, म्हणून पत्र. तुझ्या भाग्येशचेही लहानपणी असेच होते ना? तू काय केलेस?

तुझा,
योगेंद्र

पुरुषोत्तमनगर,
२२ नोव्हेंबर

चि. योगेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिसरीत चमकलास, बाबांना सांगायला हवे होते! पण भावा, बापच आपला गृहपाठ लिहितो म्हटल्यावर पोरीने स्वतःच्या हातावर भरवसा कसा ठेवावा?

भाग्येशला व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगायच्या की हा आळस नाही, बोटांत जोर यायला वेळ लागतो. त्यांनी त्याला कणीक मळायला, शेंगा फोडायला, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायला सांगितले होते. लिहायचे ते थोडे आणि मोठे, पेन्सिल जाड. रोशनीलाही एकदा दवाखान्यात दाखव. सकाळी लवकर उठव आणि बटणे तिची तिलाच लावू दे. शाळेत जाऊन खरे सांग, नाहीतर बाई तुझ्याच अक्षराला शेरे देत बसतील.

सौ. प्रतिभाला आशीर्वाद. जेवणखाण सांभाळा.

तुझी,
ताई

धानोरा,
१२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

दवाखान्यात दाखवले, त्यांनीही बोटांचे व्यायाम दिले. रोशनी शेंगा फोडते, निम्म्या खाते. ती बटणांशी झटते ते मला पाहवत नाही. परवा तिचे बटण लावायला पूजेतून उठलो, तर प्रतिभाने विचारले की बटणासाठी देवाला ताटकळत ठेवायचे का. परत पूजेला बसलो.

शाळेत जायचे मात्र टाळत होतो. पोरीला लबाड म्हणतील ही भीती. काल रोशनीनेच विचारले की चाचणीलाही पप्पाच बसणार का. रात्रभर ते डोक्यात राहिले.

आज गेलो आणि तिच्यादेखत सांगितले की ते अक्षर माझे. बाई चिडल्या, ते पान त्यांनी वर्गात दाखवले होते. मग त्यांनी तिला नवाचा पाढा विचारला. तिने न अडखळता म्हटला. चाचणी थोडी लेखी, बाकी तोंडी घेऊ आणि वेळ जास्त देऊ, असे त्या म्हणाल्या. उद्याला तीनच ओळींचा गृहपाठ दिला.

संध्याकाळी ती लिहायला बसली. कागद एका जागी फाटला. मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा दीड ओळ झाली होती, वाकडीतिकडी. पुरे का, तिने विचारले. पुरे, म्हणालो, आणि वही तशीच दप्तरात भरू दिली.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
योगेंद्र