निरोगी माणसांचा ढीग

सेगेड, १२ ऑक्टोबर

प्रिय तिहामेरदादा,

खुशाली विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. बरा आहेस ना? मेल तू उघडत नाहीस. फोन केला तर तुझी सेक्रेटरी उचलते आणि मला ‘मॅडम’ म्हणते, जशी काही मी विमा विकायलाच फोन केलाय. म्हणून हे कागदावर. आईनं केलेल्या बिहीच्या फळांच्या वड्यांच्या डब्यात ठेवून पाठवते आहे. डबा तरी उघडशीलच.

रविवारी माकोला आईकडे जाऊन आले. आईच्या लसणाच्या माळा विणून झाल्यात, गुडघा तसाच आहे. तू का आला नाहीस असं तिनं विचारलं. मी म्हटलं, दादाला वेळ नसतो गं. तर म्हणाली, “सूप प्यायला असा किती वेळ लागतो?” मग पानात दुसऱ्यांदा वाढलं. मी प्रयोगशाळा का सोडली ते तिला अजून सांगितलेलं नाही. तू सांगितलं असशील तर तुझ्या बाजूनंच सांगितलं असशील.

आता मुद्द्याचं बोलते. गेर्झोन डॉक्टरांनी मला बोलावलं होतं. तुला नाही, मला. तू त्यांना “तुमचं काम चित्रं बघायचं, गणितात नाक खुपसू नका,” असं सुनावल्यापासून ते तुझ्या वाटेला जात नाहीत. त्यांनी दोन चित्रं माझ्यासमोर ठेवली. दोन्ही एकाच बाईच्या डोक्याची. बाई पाप्रिकाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या, गिरणीत कामाला आहे, डोकं दुखतं म्हणून आली होती. आपल्या प्रोग्रॅमच्या झटपट एमआरआय तपासणीनं तिला ‘निरोगी’ ठरवून घरी पाठवलं. डॉक्टरांना काही ते पटेना. त्यांनी तिला परत बोलावलं, जुन्या पद्धतीनं लांबलचक तपासणी केली, तर मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगवटा! फुटला असता तर बाई गिरणीतच आडवी झाली असती. ऑपरेशन झालं, वाचली. डॉक्टर मला म्हणाले, “एमॉके, तुमच्या गणिताला हा दिसत नाही, की बघायचाच नाहीये?”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्याच पावली मी प्रयोगशाळेत गेले. माझी किल्ली तू अजून परत मागितलेली नाहीस, मी आहे की गेले याचा तुला पत्ता असता तर मागितली असतीस. आठवडाभर बसून सगळं उलगडलं. समीकरणं ठीक आहेत, आकडेमोड ठीक आहे. घोळ आपल्या माणसांत आहे.

आपला प्रोग्रॅम मोजकीच मापं घेतो आणि बाकीचं चित्र स्वतः भरतो. निरोगी डोकं कसं दिसतं हे त्याला आधी शिकवलेलं असतं, त्यावरून भरतो. आणि शिकवलं कुणावरून? आपल्यावरून! नवा माणूस आला रे आला की त्याला यंत्रात झोपवायचं, बाहेर आला की हातात पालिंका दारूचा पेला द्यायचा, टाळ्या वाजवायच्या आणि त्याचं डोकं ‘निरोगी’ ढिगात टाकायचं. केवढी मजा! त्यातलं एक तरी चित्र कुठल्या डॉक्टरनं पाहिलंय का? मी तेव्हा विचारलं होतं. तू म्हणालास, “सगळी तरणीताठी माणसं आहेत, उगाच कशाला वेळ घालवायचा?” गणितज्ञ निरोगीच असतो, हे कुणी सिद्ध केलं रे दादा? तू दुसऱ्यांच्या प्रबंधात एक पायरी गाळलेली खपवून घेत नाहीस. इथे अख्खी पायरी गिळलीस.

त्या ढिगातल्या एका डोक्यात अगदी त्याच जागी, अगदी तसाच फुगवटा आहे. आणि ते डोकं ढिगात एकदा नाही, पुन्हापुन्हा आलंय, कारण यंत्र लावून बघायला तेच माणूस सारखं वापरलं गेलं. म्हणून प्रोग्रॅम शिकला की तिथे थोडं फुगलेलं असणं हीच रीत. आता तिथे कुणाचीही वाहिनी फुगली तरी तो ते नेहमीचंच समजणार आणि खाली ऐटीत ‘निरोगी’ लिहिणार.

आजवर हे चाचणीपुरतं होतं, महिनाअखेरीला जिल्ह्याच्या इस्पितळात तू हे सगळ्यांसाठी सुरू करणार आहेस. करू नकोस. थांबव. आणि ज्यांना आजवर घरी पाठवलं त्या सगळ्यांना परत बोलाव. मला बाकी काही नको. शोधनिबंधावर माझं नाव घातलं नाहीस, तेही राहू दे.

डोकं कुणाचं, असं विचारशील. ढिगात नावं नसतात, क्रमांक असतात. नियम तुझाच आहे.

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब आहे.

एमॉके


सेगेड, २० ऑक्टोबर

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात उचलत नाही.

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, वर प्रयोगशाळेचा शिक्का, खाली सगळ्या पदव्यांसकट सही. सख्ख्या बहिणीला! वड्या आवडल्या एवढं तरी हातानं खरडायचं होतंस.

तुझीच वाक्यं तुला वाचून दाखवते. “तू नेहमीसारखा राईचा पर्वत करते आहेस.” बरं. “एक डोकं ढिगातून काढून टाकू, उद्घाटनानंतर सवडीनं.” बरं. “मंत्री येणार आहेत, आमंत्रणं गेली आहेत, आता मागं फिरणं शक्य नाही.” आणि मग हे: “त्या व्यक्तीला इतक्यात काही कळवू नकोस. उगाच घाबरेल आणि गावभर बोलत सुटेल. उद्घाटन झालं की मी स्वतः तिच्याशी शांतपणे बोलेन.”

शांतपणे! तो फुगवटा तुझ्या मंत्र्याची वाट बघत थांबणार आहे का? एखाद्याच्या डोक्यात काय आहे हे तुला कळलं, आणि तुला सुचलं काय, तर त्याला सांगायचं नाही. हे वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकात जाऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी गेली.

त्या व्यक्तीला कळलंय, दादा. ती व्यक्ती आत्ता तुला पत्र लिहिते आहे.

दुसरं कोण असणार होतं? “एमॉके, जा गं, जरा झोप आत, यंत्र लावून बघायचंय.” कोण लगेच उठायचं? बाकीच्यांना शिकवण्या होत्या, पोरंबाळं होती, मला तू होतास. आत ती ठकठक ऐकत पडून राहायचे आणि वाटायचं, दादाचं काम पुढं चाललंय. बाहेर येऊन डोकं दुखतंय म्हटलं की तू हसायचास, “गणित करणाऱ्याचं डोकं दुखायचंच, नाही दुखलं तर काळजी कर.” माझ्या डोक्याची चित्रं तू जगात सगळ्यांत जास्त पाहिलीस. एकदाही माझं डोकं म्हणून पाहिली नाहीस.

मला भीती वाटते. हे तुला लिहायचं नव्हतं, म्हणून पहिल्या पत्रात पेनावर ढकललं. खूप वाटते. शिंकायची सुद्धा वाटते. बुडापेस्टला ऑपरेशन करणार आहेत, पुढच्याच आठवड्यात. गेर्झोन डॉक्टर म्हणतात, वेळेत सापडलं. त्या गिरणीतल्या बाईमुळे सापडलं, तुझ्या यंत्रामुळे नाही. यंत्रानं मला अजूनही ‘निरोगी’ म्हटलंय, मी परवा मुद्दाम विचारून बघितलं.

आईला सांगून आले. ती रडली नाही. हातातला लसूण खाली ठेवला आणि म्हणाली, “तिहामेरला माहीत आहे का?” मी म्हटलं, हो, त्याचं पत्र आलंय. “काय लिहितो?” म्हणाली. ते तिला तूच सांग. मला जमायचं नाही.

आता शेवटचं. यंत्रात झोपण्याआधी आपण सगळे एका संमतीपत्रावर सही करायचो. त्यात एक कलम आहे की स्वतःची चित्रं ज्याला हवी त्यानं केव्हाही परत घ्यावीत, कारण देण्याची गरज नाही. नीतिसमितीनं आग्रह धरला म्हणून तू ते नाइलाजानं घातलंस आणि म्हणालास, “आपलं डोकं परत मागणार कोण?”

मी मागते आहे. आज सकाळी अर्ज दिला. एक प्रत समितीला, एक इस्पितळाला, साक्षीला गेर्झोन डॉक्टरांची सही. प्रोग्रॅमच्या प्रत्येक थरात मी आहे, मला एकटीला उचलून बाजूला काढता येत नाही, हे गणित तुला माझ्याहून चांगलं येतं. सगळं पुसून पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि या वेळी प्रत्येक डोकं आधी डॉक्टर बघतील. तोवर ते इस्पितळात चालवणं बेकायदा आहे. दुपारीच इस्पितळानं मला लेखी कळवलं की ते सुरू होणार नाही, आणि घरी पाठवलेल्यांना ते परत बोलावताहेत. मंत्र्यांना काय सांगायचं ते तू बघ. फीत कापायची असेल तर काप.

बुडापेस्टला आलास तर खुलासे घेऊन येऊ नकोस, पदव्या घेऊन येऊ नकोस. दाराबाहेर बाकडं असेल, तिथे आईशेजारी बस. मी शुद्धीवर आले आणि मला वाटलं, तर आत बोलावेन. आज तरी वाटत नाहीये.

तुला दिलेलं जे जे परत मागता येत होतं ते मागून घेतलं. हे एकच परत घेता येत नाही म्हणून लिहिते,

तुझी बहीण,
एमॉके