कुत्र्यासाठी घेतलेली घोंगडी

दादा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही होतात तोवर मलाही लिहिता येत नव्हतं, त्यामुळं आपल्या बापलेकीत कागदाचा व्यवहार कधी झालाच नाही. अक्षरं मला सासरी मिळाली. ह्यांनी शिकवली, चुलीपुढं राख पसरून तिच्यावर बोटानं गिरवायला लावून. तव्यावरची भाकरी करपली की मी अक्षरांच्या नावानं बोटं मोडायची आणि हे हसत हसत करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायचे. आता हेही गेले. तेरावं होऊन बरेच दिवस लोटले. मी पाटोद्याच्या घरात, ओसरीवर सकाळच्या उन्हाला बसून तुम्हाला लिहितेय, कारण मला एका कुत्र्यासाठी अंथरूण निवडायचं होतं आणि या कामात तुमच्याइतकं फजीत झालेलं माणूस माझ्या माहितीत दुसरं नाही.

कुत्रा ह्यांचा. मी फक्त भाकरी टाकणारी. त्याला नाव म्हणून ठेवलंच नाही कुणी. हे नुसतं "चल बे" म्हणायचे की तो उठून चालायला लागायचा, शेतात, बाजारात, चावडीवर, कुठंही. दुपारी ह्यांचा डोळा लागला की ह्यांच्या घोंगडीच्या पायथ्याशी तोही मुटकुळं करून पडायचा. मी कितीदा हाकलला. "त्याच्या पिसवा तुमच्या अंगावर येतात," म्हटलं की हे म्हणायचे, "मह्या त्याच्या अंगावर जात्यात, त्याची तक्रार न्हाई, तुझीच कावून?" तेराव्याला रीतीप्रमाणं ह्यांचं अंथरूण, पांघरूण, छत्री, वहाणा सगळं दान देऊन टाकलं. घोंगडीही त्यातच गेली. कुत्र्याला विचारायची काही रीत नाही. ती घोंगडी गड्याच्या खांद्यावरून फाटकाबाहेर गेली तेव्हा तो मागं मागं वळणापर्यंत गेला आणि परत येऊन फाटकाशीच बसला. तेव्हापासून त्याचं बूड तिथून हललं नाही. थंडी तुम्हाला ठाऊकच आहे आपल्याकडची, डोंगरावरून वारा सुटला की दात वाजतात. हा उघड्यावर. भाकरी टाकली तर हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला. शेजारीण म्हणाली, "मालकामागं जातंय ते. जाऊ द्या की आता." मला त्या बाईचा असा राग आला की तिला दिलेलं विरजण परत मागावंसं वाटलं.

मी ठरवलं, याला जाऊ द्यायचं नाही. निदान आत तरी घ्यायचा, उबेला. कडबा पसरून त्यावर पोतं घातलं, तर त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग वाटलं, ह्यांनी फार लाडावलाय, मऊ हवं असेल. पिंजाऱ्याकडून छोटी गादी करून घेतली. पिंजाऱ्यानं विचारलं, नातवाला का? मी मान हलवली. गादीवर शेजारची मांजर येऊन निजली, कुत्रा फाटकाशीच. मग माझी जुनी वाकळ घातली, तीही वाया. शेवटी पोराला म्हटलं, बाजारातून घोंगडी आण, चांगली, काळी, धनगराच्या हातची. पोरगा घेऊन आला आणि हातात देताना म्हणाला, "माय, ही घोंगडी कुत्र्याला का तुला?" मी खेकसले, "कुत्र्याला!" ओसरीवर घातली. फाटकाशी जाऊन त्याला ओढतच आणला. त्यानं तिचा वास घेतला. आणि दादा, त्यानं कोपरा चाटला.

तुम्ही आठवलात. नांदूरघाटाकडचं आपलं रान आठवलं, आणि ते उंदीर पडलेलं, प्लेगाचं साल.

घराघरांत उंदीर पडायला लागले तसा सगळा गाव रानात गेला. आपणही शेतात कडब्याची झोपडी, कोपी घातली. घरातलं एकही कापड बरोबर घ्यायचं नाही असा हुकूम होता, म्हणून तुमची जुनी घोंगडी दाराआड तशीच राहिली आणि तिच्यावर निजणारी आपली कुत्री कोपीत टिकेना. रोज संध्याकाळ झाली की ती गावाकडं पळते, कुलूप घातलेल्या दाराशी जाऊन बसते. तुम्ही रोज सकाळी शिवेपर्यंत जाऊन हाका मारता. आत पाऊल टाकायची बंदी, म्हणून लांबूनच. एके दिवशी तुम्ही धनगराला ज्वारी घालून नवी घोंगडी आणता आणि कोपीच्या तोंडाशी तिच्यासाठी अंथरता. मायचा आवाज अजून कानात आहे. "लेकरं कडब्यावर आन् कुत्रीला घोंगडी?" तुम्ही शांतपणे म्हणता, "लेकरं पळून जात न्हाईत." पण नव्या घोंगडीला चिंचोक्याच्या पिठाची खळ लावलेली असते हे शेळ्यामेंढ्यांत वाढलेला माणूस कसा विसरला, देव जाणे. कुत्रीनं ती चाटली, चघळली, कोपरा मऊ होईपर्यंत चोखला आणि जेवण झाल्यासारखी उठून गावाची वाट धरली. माय हसली, तुम्हीही हसलात, पण मी तुमचं तोंड बघत होते. तुम्हाला वाटत होतं ती गावात एकटीच मरणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती घोंगडी ओढ्यावर नेऊन तुडवलीत, खळ सगळी काढलीत, आणि वाळल्यावर जी अंगावर घेतलीत ती उतरवलीच नाहीत. मोट हाकताना खांद्यावर, जेवताना मांडीखाली, भर उन्हात डोक्यावर. घाम नुसता निथळतोय. रानातली सगळी माणसं बघायची. मीही खिदळले, तेव्हा तुम्ही फिरलात माझ्यावर. "दात कावून काढतीस? तिला घोंगडी न्हाई पाहिजे, मी पाहिजे. मी काय जलमभर तिच्यापाशी बसून ऱ्हाऊ?" मग तुम्ही मला जवळ घेऊन त्याच घोंगडीत गुंडाळलंत, आणि तिला घामाचा, बैलांचा, धुराचा, तुमचा असा वास लागलेला होता. ती पुन्हा अंथरलीत तेव्हा कुत्री आली, गोल गोल फिरली आणि बसली. गाव परत घरी गेला तेव्हा ती आपल्या पुढं चालत होती.

मग मीही तेच केलं. विहिरीवर जाऊन घोंगडी तुडवली, वाळवली आणि खांद्यावर टाकली. पण दादा, तुमच्या कुत्रीला तुम्ही हवे होतात. याला हे हवे होते, आणि ह्यांचा वास आता मी कुठून आणू? माझ्याच अंगाचा लागणार. तो याला चालेल का, हीच धास्ती होती. खरं सांगू का, मला त्याचा रागही येत होता. इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लीस आणि फाटकाशी बसून वाट बघतोस ती त्यांचीच, मी घरात आहे ते तुला दिसत नाही? तरी घोंगडी सोडली नाही. भाकऱ्या थापताना, शेण काढताना, शेतात जाताना अंगावर. शेजारीण दारातून बघत राहायची. पोरगा म्हणाला, "माय, लोकं हसत्यात." म्हटलं, "हसू दे. लई दिवसांत कुणी हसलं न्हाई या घरात." निजतानाही तीच घेतली. ह्यांच्यामागं मला झोप अशी नव्हतीच, आढ्याकडं बघत पडायची. त्या घोंगडीत कधी डोळा लागला ते कळलं नाही.

काल दुपारी ती ओसरीवर अंथरली, मी तिच्या एका कडेला बसले आणि फाटकाकडं बघितलं. शेजारणीचं दार लावलेलं आहे याची खात्री केली. मग बाईच्या तोंडी शोभत नाही तरी म्हणालेच, "चल बे." त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. उठला, पाय ताठरलेले होते त्याचे, हळूहळू आला, घोंगडी हुंगली, मग माझा हात हुंगला, आणि गोल गोल फिरून बसला. मी रडले दादा, चांगली मोठ्यानं रडले. ताकात भाकरी कुस्करून दिली ती त्यानं सगळी खाल्ली आणि ताटली ओसरीभर ढकलत चाटली.

आता हे लिहितेय तेव्हा तो शेजारीच घोरतोय. कागद कुठं धाडायचा नाहीच, सवड मिळाली की यालाच वाचून दाखवीन. एक मात्र तुम्हालाच सांगते. घोंगडी एकच आहे. अर्धीवर तो निजतो आणि अर्धीवर मी. पोराला मी अजून कुत्र्यालाच घेतली म्हणून सांगते.