ताटलीतली कामिल्ला

३ मार्च, रविवार. सकाळी ११.

नवी वही. जुनी मिरेलाने वाण्याच्या यादीला वापरून टाकली. मला न विचारता. असो.

आजचा दिवस ऐतिहासिक. जुन्या बाजारात ताटली मिळाली. मातीची, पांढऱ्या झिलईची. मधोमध एका स्त्रीचा चेहरा, डोक्यामागे फडफडणारी पट्टी, पट्टीवर अक्षरं: कामिल्ला बेल्ला. म्हणजे सुंदर कामिल्ला. पाचशे वर्षांपूर्वी आमच्या उर्बानिया गावातली प्रेमात पडलेली पोरं आपापल्या मुलीसाठी अशा ताटल्या रंगवून घेत. माझ्या अंदाजाने साल १५३०. विकणाऱ्याला विचारलं तर त्याने नुसते खांदे उडवले. अस्सल माल विकणारा माणूस बडबड करत नाही.

एक पैसाही खर्च नाही! बदल्यात लग्नात आलेले चांदीचे बारा चमचे दिले. बत्तीस वर्षांत ते एकदाही वापरले नव्हते, कारण मी वापरू देत नव्हतो. म्हणजे नुकसान शून्य.

मिरेला खूश होईल.

३ मार्च. दुपारी ३.

मिरेला खूश नाही. तिने दोनच प्रश्न विचारले. चमचे कुठे गेले? आणि ही कोण?

पहिल्याचं उत्तर ऐकून ती खुर्चीत बसली. चमचे तिच्या मावशीने दिले होते म्हणे. दुसऱ्याचं उत्तर मी सविस्तर दिलं, पाऊण तास. कामिल्लाची मान, भुवईची रेघ, डोळ्यांतला निळा रंग आणि त्यातला तो हिरवा ठिपका. हा ठिपका म्हणजे कारागिराचं काळीज.

सगळं ऐकून मिरेला म्हणाली, तिच्याकडे बघायच्या आधी तू चष्मा पुसलास.

म्हटलं, पुसणारच. भिंगसुद्धा काढलं होतं.

४ मार्च.

मिरेला बहिणीकडे गेली, फेर्मिन्यानोला. हवापालट. दहा किलोमीटरवर हवा कितीशी पालटणार, पण बायकांचं काही सांगता येत नाही. गाडी नेली. उन्हाळ्याचे कपडेसुद्धा नेले. मार्च महिन्यात! इतकी वर्षं झाली तरी हिला आटोपशीर सामान भरता येत नाही.

संकल्प: ती येईपर्यंत घरात एकही नवी वस्तू आणायची नाही.

७ मार्च.

प्लास्टिकच्या ताटल्या संपल्या. त्या मिरेला आणायची. घरात एकशे चाळीस ताटल्या आहेत, पण कलेक्शनमधल्या ताटलीवर जेवायचं नाही हा माझा नियम, आणि नियम काढणाऱ्यानेच मोडला तर घर कसं चालायचं? शेवया कढईतूनच खाल्ल्या, उभ्याने. पचायला बरं पडतं.

कामिल्लाला जेवणाच्या खोलीत टांगलं. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. एकटं वाटत नाही.

१० मार्च.

न्हाव्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, ओरेस्तेभाऊ, औषधवाल्या डॉक्टरांची बायको तुमच्या भिंतीवर लटकते आहे, हे डॉक्टरांना ठाऊक आहे का? सगळं दुकान खिदळलं. गावात औषधाचं दुकान चालवणारे डॉक्टर ग्वेरीनो, त्यांच्या बायकोचं नाव कामिल्ला. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अडाणी लोक. १५३० साली ती बाई जन्मली तरी होती का?

येताना सॉसदाणी घेतली. संकल्प शाबूत आहे. संकल्प नव्या वस्तूंचा होता, आणि ही चांगली सत्तर वर्षांची आहे.

१२ मार्च. संध्याकाळी ६.

डॉक्टर ग्वेरीनो स्वतः घरी आले. ते भांडायला आले नव्हते. ताटली मागायला आले होते. बायकोचा पन्नासावा वाढदिवस आहे. म्हणाले, तुमचे ते बारा चमचे अजून त्या माणसाकडेच आहेत, मी पाहिले. मी ते सोडवून आणतो. तुम्हांला चमचे, मला ताटली. दोघांच्याही घरात शांतता.

मी नम्रपणे नकार दिला. जो माणूस नुसत्या नावासाठी ताटली घेतो त्याला ताटली द्यायची नसते. त्याने ना झिलई पाहिली, ना ताटली उलटून पाहिली! नुसता चेहऱ्याकडे बघत हसत उभा राहिला आणि म्हणाला, तिला काय आवडेल हो!

जाताना दारात म्हणाले, मिरेलाताईंना नमस्कार सांगा, भेटल्या तर. या 'भेटल्या तर'चा अर्थ लागला नाही.

१४ मार्च.

मेहुणी लोरेत्ताचा फोन. तिचा आवाज मुळातच चढा. म्हणाली, भाऊजी, तुम्हांला म्हणून सांगते. ताटली आणली त्यात चूक नाही, बाई चुकली! मी म्हटलं, मिरेलाला फोन दे. ती म्हणाली, ती जेवते आहे. खऱ्या ताटलीत.

टोमण्याकडे दुर्लक्ष केलं. पण बाई चुकली, यात तथ्य आहे. उपाय सोपा आहे. 'मिरेला बेल्ला' अशी ताटली शोधायची. ईस्टरला द्यायची. विषय संपला. इतकं साधं कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

१८ मार्च.

चार व्यापारी, दोन संग्रहालयं, तीन जाडजूड याद्या धुंडाळल्या. लुक्रेत्सिया आहे, लाउरा आहे, एक जिरोलामासुद्धा आहे. मिरेला नाही. पाचशे वर्षांपूर्वी मिरेला नावाच्या बाईवर कोणी प्रेम केलेलं दिसत नाही.

म्हणजे नवी करून घ्यावी लागणार. नव्या मालाला मी आजवर हात लावलेला नाही. पण संसारासाठी माणसाला तत्त्वं बाजूला ठेवावी लागतात.

२० मार्च.

नदीकाठच्या दीनाच्या कारखान्यात गेलो. चाळिशीची बाई, हात कोपरापर्यंत पांढरे. नमुना म्हणून कामिल्लाला बरोबर नेलं होतं. दीनाने ताटली उलटली, सुलटली आणि फसकन हसली. म्हणाली, अहो काका, हे तर आमच्या मामाचं काम! हे नाक मामाचं. मी लहान होते तेव्हा तो पर्यटकांसाठी अशा शेकड्यांनी काढायचा.

बिचारी. मामाने हीच अस्सल ताटली समोर ठेवून नाक उचललं असणार, एवढंही तिच्या ध्यानात येत नाही. मी तिला दुरुस्त केलं नाही. मामा तिचा लाडका होता.

मग तिने वही काढून विचारलं, काकूंच्या डोळ्यांचा रंग?

म्हटलं, साधा.

ती पेन्सिल धरून थांबली. मी म्हटलं, नेहमीचे असतात तसे. दोन आहेत.

ती म्हणाली, काका, घरी जाऊन आठवून या.

२१ मार्च.

आठवायची गरज काय, फोटो आहेत. सगळे अल्बम काढले. लग्नाच्या फोटोत मिरेला केक कापताना खाली बघते आहे. समुद्रावरच्या फोटोंत काळा चष्मा. बाकी चौपन्न फोटोंत ती आहे, पण नुसते हात, कारण फोटो ताटल्यांचे आहेत आणि ताटली ती धरायची. हात मात्र फार स्पष्ट आलेत. हलत नसत तिचे.

शेवटी फोन केला. उगाच पाल्हाळ नको म्हणून थेट विचारलं, तुझ्या डोळ्यांचा रंग कोणता?  फोनच बंद. फेर्मिन्यानोत रेंजची बोंबच आहे.

२९ मार्च.

दीनाने झिलईचे नऊ तुकडे दिले, नखाएवढे, मागे नंबर घातलेले. एक ते पाच तपकिरी, सहा ते नऊ हिरवट. म्हणाली, शेजारी धरून बघा. बस पकडून फेर्मिन्यानोच्या बाजारात गेलो. मिरेला भाजीवाल्यापाशी आर्टिचोक निवडत होती. बारीक झाली आहे. की आधीपासूनच बारीक होती?

मी वेळ घालवला नाही. चार नंबरचा तुकडा तिच्या गालापाशी धरला. तिने चटकन डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, सांग बघू.

भाजीवाला हातातलं सोडून बघायला लागला. मी म्हटलं, हा शास्त्रशुद्ध पद्धतीचा भाग आहे, उघड. ती म्हणाली, बत्तीस वर्षं उघडेच होते. मग तिने डोळे मिटूनच आर्टिचोक पिशवीत भरले, एकही खाली पाडला नाही, आणि भाजीवाल्याने तिला हात धरून रस्त्यापर्यंत सोडलं. नाटकी स्वभाव. तिच्या आईचा असाच होता.

निर्णय: चार नंबर. बहुतेकांचे तपकिरीच असतात.

५ एप्रिल.

दीनाने पहिलं चित्र दाखवलं. मिरेलाला पाववाल्याकडे नेहमी बघते म्हणे, आठवणीतून काढलं. डोळ्यांपाशी सुरकुत्या, हनुवटीखाली थोडी हनुवटी, तोंडाचा एक कोपरा वर, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा. कोणीही ओळखलं असतं. पण शैली? १५३० साली अशी हनुवटी काढत नसत! मान लांब करायला सांगितली.

९ एप्रिल.

दुसरं चित्र. मान ठीक. नाक सरळ हवं. सुरकुत्या काढून टाकायला सांगितल्या.

११ एप्रिल.

तिसरं चित्र. बरं आहे, पण काहीतरी खटकतं. शेवटी दीनाने पेन्सिल आपटली. म्हणाली, काका, तुम्हांला काय हवंय ते मला कळलं. तिने कपाटातून पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर सुईने टोचून टोचून चेहरा काढलेला. कागद कोऱ्या ताटलीवर ठेवला, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थापटली, कागद उचलला. खाली काळ्या ठिपक्यांचा चेहरा हजर! मान, भुवई, नाक, सगळं हवं तसं. मामाचा कागद, म्हणाली.

मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता खरी मिरेला उतरली.

दीनाने माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत कपाटात ठेवला.  कारागिरांना स्तुतीची सवय नसते.

१७ एप्रिल.

भट्टीतून आली. अप्रतिम! पट्टीवर ठसठशीत अक्षरं: मिरेला बेल्ला. दीनाने सुचवलं, तशीच परस्पर फेर्मिन्यानोला न्या. पण मी आधी घरी आणली. भिंतीवर कशी दिसते ते बघायला नको? कामिल्लाशेजारी टांगली. रविवारपर्यंतच.

१९ एप्रिल.

एक विचार. ही ताटली मिरेलाच्या हाती दिली तर ती तिच्यात टोमॅटो ठेवणार. त्यापेक्षा तिलाच इथे येऊन ताटली पाहायला सांगावं का? लोरेत्ताला फोन करून विचारलं. लोरेत्ता जे म्हणाली ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

ठरलं, नेऊन देतो. मी हट्टी माणूस नाही.

२१ एप्रिल, ईस्टर. सकाळी ८.

सणामुळे बस नाही. पायी निघतो. ताटली मिरेलाच्या हिवाळी कोटात गुंडाळली, बाह्यांची गाठ मारली. संध्याकाळपर्यंत दोघं घरी. येताना गाडी तीच चालवेल. मला पाठीमागे ताटली धरून बसावं लागेल.

२१ एप्रिल. रात्री ८.

दार लोरेत्ताने उघडलं. आतून भाजलेल्या कोकराचा वास. म्हणाली, भाऊजी, जेवायला आलात की माफी मागायला? म्हटलं, ताटली द्यायला. ती म्हणाली, मिरेला, तुझा नवरा आलाय, हात रिकामे नाहीत.

मिरेला आली. जिन्यातच तिने बाह्यांची गाठ सोडली. ताटली उजेडात धरली. नाव वाचलं. तेव्हा तिचा चेहरा बदलला, मी पाहिलं. दोन मिनिटं वाटलं, जिंकलो.

मग तिने चेहऱ्याकडे बघितलं. म्हणाली, ही कामिल्ला आहे.

मी समजावून सांगितलं. काळ, शैली, मान. मामाचा टोचलेला कागद. सांगता सांगता माझ्याच कानाला ते कसंतरी लागलं, पण मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं. मिरेलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे तिचं नाव खोडलं आणि माझं घातलं, की झाले मी.

कोट तिने ठेवून घेतला. ताटली परत दिली. म्हणाली, आता तुझी जोडी झाली.

जोडी! संग्राहक जोडीसाठी जन्म काढतात. घरी येऊन भिंत मोजली. नव्वद सेंटिमीटर. दोघी व्यवस्थित मावतात.

मावतात, पण आत्ता दोघींकडे बघवत नाही. एकच चेहरा आहे. दीनाला कळलं होतं, न्हाव्याला कळलं असतं, मला कळलं नाही.

दार लावताना मिरेला खिडकीच्या उजेडात होती. डोळे हिरवे आहेत. एक पूर्ण हिरवा, दुसऱ्यात तपकिरी डाग, मुगाएवढा. नऊ तुकड्यांत असला रंग नव्हताच. बत्तीस वर्षांत आज पाहिला, आणि दार लागलं. फार वाईट वाटलं. दहा किलोमीटर वाटतच राहिलं.

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.

फोन केला. लोरेत्ताने उचलला. तिला म्हटलं, मिरेलाला सांग, हिरवे आहेत, आणि एकात तपकिरी डाग आहे. ती म्हणाली, थांबा. आत काहीतरी बोलणं झालं. परत येऊन म्हणाली, विचारते आहे, कोणत्या डोळ्यात?

आठवेना. माझ्या डाव्या हाताला होता, म्हणजे तिचा उजवा. की मी थोडा बाजूला उभा होतो? इतक्या वर्षांत ताटलीचा टवका कुठे आहे ते मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोललो. म्हटलं, माहीत नाही. येऊन बघितलं तर चालेल का?

पुन्हा आत बोलणं. या वेळी जरा जास्त वेळ.

लोरेत्ता म्हणाली, म्हणते आहे, ये. पण काही घेऊन येऊ नकोस.

बस आजही नाही. पायीच निघतो. काही न घेता कोणाकडे गेल्याचं आठवत नाही, हातांचं काय करायचं ते वाटेत ठरवीन.