नमुना म्हणून माझाच खुबा

सोमवार, ३ मार्च
खुब्याची सोनोग्राफी शिकून आले! दोन दिवसांचा कोर्स, सर्टिफिकेट, वर एक पेन. वीस वर्षं पोटं तपासणारी बाई आता सांध्यांची तज्ज्ञ! मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत फिरताना कुठं अडकतो, ते पाय हलवत पडद्यावर बघायचं. गोळ्याखाली, हाडाच्या मानेपाशी खळगा हवा. तिथं उंचवटा असेल तर पाय दुमडला की तो खोबणीच्या काठावर आपटतो.

सरावाला माणूस कुठून आणू? नवरा म्हणाला, "मला गुदगुल्या होतात." मग स्वतःवरच प्रयोग. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातानं गुडघा छातीकडे ओढतेय, जेल सगळं चादरीला—काय ते ध्यान! फोटो मात्र झकास आला. छापून मशीनवर चिकटवला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: नॉर्मल.

मंगळवार, ४ मार्च
पेन चालत नाही.

बुधवार, ५ मार्च
पहिली केस! शाळेच्या टीमची गोलकीपर, पंधरा वर्षांची. खाली बसलं की जांघेत कळ येते म्हणे. सोबत कोच. "मॅडम, शनिवारी फायनल आहे. हिची आपली नाटकं चाललीत."

पाय दुमडून आत वळवला. पोरगी कळवळली. पडद्यावर खळगा काही दिसेना. मनात पाल चुकचुकली. मग मशीनवरच्या माझ्या फोटोकडे बघितलं—हुबेहूब! तिचा दुसरा खुबाही तसाच. दिला रिपोर्ट ठोकून: नॉर्मल.

"पण दुखतं हो," ती म्हणाली.

"सवयीनं जाईल," मी म्हणाले. कोच खूश. मी तर काय, हवेतच!

गुरुवार, ६ मार्च
आईकडे जेवायला. निघताना बुटाची लेस बांधायला वाकले आणि नेहमीसारखं तोंडून "आई गं!" निघालं. आईचं नेहमीचं सुरू—"ही लहानपणापासूनच आळशी. उकिडवं बस म्हटलं की रडायची." भाऊ-वहिनी हसले. मीही हसले. स्वतःचं हसं करून घेण्यात माझा हात कोण धरणार?

शनिवार, ८ मार्च
आमचे हाडांचे डॉक्टर सकाळीच खोलीत डोकावले. फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "बापरे, केवढा हा उंचवटा! किती वर्षं दुखतंय या पेशंटला? आणि खाली नॉर्मल कुणा गाढवानं लिहिलंय?"

फोटो मशीनवरून ओढून काढला. रजिस्टरमधून गोलकीपरचा नंबर काढला. फोन तिनंच उचलला.

"आज खेळू नकोस बाळा. रिपोर्ट चुकलाय, चूक माझी आहे. तुला खरंच दुखतंय. कोचना मी सांगते."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी नाटकं करत नव्हते ना?"

"नाही गं. तूही नाही, मीही नाही," म्हणाले—आणि ढसाढसा रडले.