आईची धाप
चारकोप, मंगळवार, संध्याकाळ

स्तनाचा कॅन्सर गेला, पण रेडिएशनने माझं उजवं फुप्फुस खराब झालं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना असं होत नाही; काहींच्या जीन्समध्येच धोका असतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. तुमचं तसंच असेल, असं नक्की सांगता येत नाही.

आईने मात्र रिक्षातच नक्की करून टाकलं. ‘‘माझ्याकडनाच इला गो बाय तुका.’’ बाबा आता नाहीत ना. त्यांच्यावर दोष कसा येऊ देईल ती?

तेव्हापासून तिलाही जिना चढून आल्यावर धाप लागते. रेडिएशन न घेताच? एवढी खणखणीत बाई!

आज जाळीच्या दाराशीच बसले होते. आई भाजीची पिशवी घेऊन भराभर चढत आली, चक्क गुणगुणत. जिन्याच्या शेवटच्या वळणावर थांबली. पदर सारखा केला. आणि मग धापा टाकायला लागली.

नाटक बंद कर, असं ओरडणार होते. नाही ओरडले. दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. ‘‘बस जरा, आई,’’ म्हटलं. एवढं म्हणतानाही मला दोनदा थांबावं लागलं.

मग तीही पाणी प्यायली ती दोनदा थांबूनच.